जेट स्की बंद पडली तर: इंजिनातील बिघाड शोधण्याचा क्रम

मे महिन्यातल्या दुपारी पानशेतच्या जलाशयात मधोमध जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, बंद पडली की चालवणाऱ्याचा अंगठा आपसूक पुन्हा स्टार्टच्या बटणावर जातो. एकदा, दोनदा, दहादा सेल मारला जातो, आणि मूळ बिघाडाने केले नसते एवढे नुकसान त्या पाच मिनिटांत होऊन बसते. पुण्यातील आणि आसपासच्या मालकांच्या गाड्या दुरुस्त करताना माझ्यासमोर जी इंजिने पूर्ण निकामी अवस्थेत आली, त्यांतल्या बहुतेकांत सुरुवातीचा दोष किरकोळ होता आणि तो न ओळखता सेल मारत राहिल्यामुळे इंजिन गेले होते. म्हणून पुढे दिलेल्या सगळ्या तपासण्यांच्या आधी एकच गोष्ट मनात पक्की करावी: गाडी का थांबली याचा काही अंदाज आल्याशिवाय बटण दुसऱ्यांदा दाबायचे नाही.

‘जेट स्की’ हे वास्तविक कावासाकीचे व्यापारी नाव आहे; यामाहाच्या वेव्हरनरला आणि बीआरपी कंपनीच्या सी-डूलाही आपण बोलताना जेट स्कीच म्हणतो, आणि इथेही तसेच म्हटले आहे. आतले इंजिन दुचाकी-चारचाकीच्या पेट्रोल इंजिनाच्याच जातीचे असते. जुन्या गाड्या टू-स्ट्रोक, तर अलीकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक आहेत. इंजिनाचा दांडा मागच्या पंपातील इम्पेलर (पात्यांचे चाक) फिरवतो, इम्पेलर बुडाच्या जाळीतून पाणी ओढून मागच्या तोटीतून जोराने फेकतो, आणि त्या धारेच्या बळावर गाडी पुढे जाते व वळते. त्यामुळे इंजिन थांबले की वेगाबरोबर वळण्याची क्षमताही जाते. दुचाकीच्या मेकॅनिकचे ज्ञान इथे निम्म्या कामाला पुरते. उरलेले निम्मे काम पाण्याचे आहे, कारण हे इंजिन पाण्यावर बसलेले, पाण्याने थंड होणारे आणि धुराच्या वाटेतही पाणी बाळगणारे आहे.

पाण्यावर असतानाच काय पाहावे

सर्वांत आधी मनगटाची किंवा जॅकेटची सुरक्षा दोरी पाहावी. ती खुंटीवरून जराशी निसटलेली असली तरी इंजिन सुरू होत नाही. सी-डूमध्ये ती नीट बसली की दोन छोटे ‘बीप’ ऐकू येतात. एकच लांब ‘बीप’ आला तर जोड नीट लागलेला नाही किंवा ती त्या गाडीची दोरी नाही असे समजावे. खुंटीवर वाळू किंवा वाळलेले मीठ साचले असेल तर ओल्या कापडाने पुसून पुन्हा बसवावी. ‘गाडी मेली’ म्हणून काठावर ओढून आणलेल्या गाड्यांपैकी काही केवळ एवढ्याने सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर पेट्रोलचा वास. सीटखालची जागा बंदिस्त असते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचून राहते. वास येत असेल तर सीट उघडून ती जागा मोकळ्या हवेत पुरती वाहू द्यावी, गळती सापडेपर्यंत बटणाला हात लावू नये. हा नियम काठावरच्या दुरुस्तीलाही लागू आहे, आणि याला अपवाद नाही. लाटा असतील तर मात्र पाण्यावर सीट उघडण्याच्या फंदात पडू नये. आत गेलेले बादलीभर पाणी दांड्याच्या फिरत्या जोडावर आपटून उडते आणि हवेच्या वाटेने थेट इंजिनात ओढले जाते.

गाडी उलटली असेल तर ती कोणत्या बाजूने सरळ करायची हे मागच्या बाजूला चिकटवलेल्या चित्रात बाणाने दाखवलेले असते. गाडी खरेदी केली त्याच दिवशी हे चित्र पाहून ठेवावे, कारण उलटल्यावर ते शोधण्याइतका धीर कोणाकडे नसतो. विरुद्ध बाजूने फिरवली तर धुराच्या डब्यात साचलेले पाणी उलट वाहून सिलिंडरमध्ये उतरते. चुकीच्या बाजूने फिरवली गेल्याची नुसती शंका आली तरी बटण दाबू नये. त्या स्थितीत काय करायचे ते पुढे सविस्तर दिले आहे.

बंद गाडी दुसऱ्या बोटीने टोचन करून आणताना वेग ताशी ८ किलोमीटरच्या आत ठेवावा, म्हणजे माणूस भरभर चालतो त्याहून थोडा अधिक. त्याहून वेगाने ओढल्यास पंपात शिरणारे पाणी इंजिन गार करण्याच्या नळीतून दाबाने वर चढते आणि इंजिन बंद असल्यामुळे बाहेर फेकले न जाता धुराच्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. दूर न्यायची असेल तर ती नळी चिमट्याने दाबून बंद करण्याची सोय अनेक गाड्यांत असते. मात्र पुन्हा सुरू करण्याआधी तो चिमटा काढायला विसरले तर इंजिन काही क्षणांत तापते. दोर पुढच्या कडीलाच बांधावा, हँडलला कधीही नाही.

सेल फिरतच नाही

काठावर आल्यावर तपासणी सोपी होते. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर संशय बॅटरी, तिचे जोड, फ्यूज आणि स्टार्टरचा रिले (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) यांच्यावर घ्यावा. यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. काही तास न वापरलेली, पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश चार्ज, आणि १२ च्या खाली ती जवळपास रिकामी. त्याहून महत्त्वाचे मोजमाप सेल मारताना घ्यावे. त्या वेळी आकडा १० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दुबळी आहे, मग स्थिर अवस्थेत ती कितीही चांगली दिसो.

बॅटरी चांगली आणि तरी सेल जड फिरतो, असे असेल तर जोड तपासावेत. लाटांचे धक्के खाऊन टर्मिनलचे बोल्ट सैल होतात आणि कोकणात जाऊन आलेल्या गाडीत त्यांच्यावर हिरवट पांढरा खार चढतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी सेल मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिनाला जाणारी ऋण तार कुठेतरी गंजली आहे. तार काढून, दोन्ही बाजू पॉलिशपेपरने चकचकीत करून, घट्ट बसवून वरून ओलावा अडवणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे. स्क्रू-ड्रायव्हरने रिलेची दोन टोके जोडून स्टार्टर फिरवण्याची सवय दुचाकीच्या गॅरेजमध्ये सर्रास दिसते. ती इथे आणू नये. पेट्रोलची वाफ साचू शकणाऱ्या बंदिस्त जागेत उडालेली एक ठिणगी पुरेशी असते.

बॅटरी आणि जोड दोन्ही ठीक असूनही सेल ‘टक्’ करून अडकत असेल, तर इंजिनात पाणी असण्याची शक्यता सर्वांत आधी विचारात घ्यावी. स्टार्टर खराब झाला असे धरून चालणे इथे महागात पडते.

सेल फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात, आणि पुण्याच्या परिसरातील माझा अनुभव असा की यांत पेट्रोलचा दोष सर्वाधिक वेळा निघतो. शनिवार-रविवारचे हे वाहन. मध्ये महिनामहिना उभे राहते. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले, तर जेट स्कीच्या उत्पादकांच्या पुस्तिकांत सर्वसाधारणपणे १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तर तळातूनच ओढतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचे कण गाळणीत अडकतात. आपल्या गाडीला काय चालते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे, टाकीत पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल भरावे आणि नळ्यांची दरवर्षी बोटांनी दाबून परीक्षा करावी.

शंका असल्यास टाकीच्या तळातून पावशेर पेट्रोल हातपंपाने काढून पेट्रोलने न विरघळणाऱ्या पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि पंधरा मिनिटे हलवू नये. तळाशी वेगळा थर दिसला, किंवा जुन्या वार्निशसारखा आंबूस वास आला, तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत दोरी बसवल्यावर किंवा बटण दाबल्यावर पेट्रोल पंपाचा एक-दोन सेकंदांचा गुणगुणता आवाज येतो. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि जोड पाहावेत. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद तर राहिलेला नाही, आणि चोक काम करतो आहे का, हे आधी पाहावे.

इथे एका गाडीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्या दोषाने अनेकांना नाहक खर्चात पाडले आहे. मुळशीकडच्या एका मालकाची गाडी सुरू व्हायची, दहा मिनिटे उत्तम चालायची आणि मग धापा टाकत बंद पडायची. पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. एका गॅरेजमध्ये तिचा पेट्रोल पंप बदलून झाला, गाळणी बदलून झाली, प्लग दोनदा बदलून झाले. माझ्याकडे ती आली तेव्हा बंद पडताक्षणी मी पेट्रोलचे झाकण फिरवले, आणि आत हवा शिरल्याचा लांबलचक ‘फुस्स’ आवाज आला. टाकीतून पेट्रोल कमी होत जाते तशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी एक बारीक नळी असते. ती नळी बोटांनी चाचपत शेवटापर्यंत गेलो, तर तिच्या तोंडाशी चिंचोक्याएवढी, वाळून घट्ट झालेली मातीची गोळी होती. सायकलच्या चाकाची तार घालून ती फोडली, तेव्हा मातीबरोबर दोन वाळलेल्या अळ्या बाहेर पडल्या. कुंभारीण माशीने तिथे घर केले होते. टाकीत निर्वात तयार होऊन पंप पेट्रोल ओढू शकत नव्हता आणि थोडा वेळ थांबल्यावर झिरपत आलेल्या हवेने तो पुन्हा चालायचा. थोडा वेळ चालून बंद पडणाऱ्या गाडीचे झाकण आधी उघडून पाहावे. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

पेट्रोलची खात्री झाली की प्लग काढावेत. इंजिन गार असताना, भोवतीची वाळू फुंकून किंवा ब्रशने साफ करूनच पाना लावावा, नाहीतर ती वाळू सिलिंडरमध्ये पडते. फिकट तपकिरी टोक म्हणजे जळण योग्य आहे. काळे आणि पेट्रोलने ओले टोक म्हणजे पेट्रोल येते पण पेटत नाही, किंवा प्रमाणाबाहेर येते. पांढरट, फोड आल्यासारखे टोक म्हणजे इंजिन जास्त तापले आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. आणि टोकावर पाण्याचे थेंब दिसले तर बाकी सगळे बाजूला ठेवून पुढील भाग वाचावा. ठिणगी पाहण्यासाठी प्लग उघड्यावर धरण्यापेक्षा स्वस्तात मिळणारा बंदिस्त स्पार्क टेस्टर वापरावा. नवे प्लग नाना पेठेत सहज मिळतात, परंतु दुकानदाराने ‘हाच चालतो’ म्हणून दिलेला प्लग न घेता पुस्तिकेतील पूर्ण क्रमांक जुळवून घ्यावा. शेवटच्या एका अक्षराने वा आकड्याने आट्यांची लांबी किंवा उष्णतेची श्रेणी बदलते. बसवताना पहिले आटे हातानेच घ्यावेत.

इंजिनात पाणी गेले असेल तर

सगळ्या बिघाडांत खरी घाई इथेच करायची असते, आणि ती घाई बटणाची नसते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी असताना पिस्टन वर आला तर तो पाण्यावर आदळून थांबतो आणि स्टार्टरचा सारा जोर पिस्टनला खालून जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड केसभर वाकला तरी इंजिन उघडण्याची वेळ येते. एकाच उन्हाळ्यात पानशेतला उलटलेल्या दोन सारख्या गाड्या माझ्याकडे आल्या होत्या. पहिलीच्या मालकाने बॅटरी उतरेपर्यंत सेल मारला आणि नंतर मोटारीच्या बॅटरीला जोडून पुन्हा मारला. तिचा एक रॉड वाकला होता. दुसरीच्या मालकाने फोन करून विचारले, प्लग काढेपर्यंत बटणाला हात लावला नाही, आणि ती गाडी त्याच संध्याकाळी पाण्यावर चालली.

क्रम असा ठेवावा. गाडी काठावर घेऊन मागचे बूच काढावे आणि तळातले पाणी निचरू द्यावे. सीट उघडून वाफ जाऊ द्यावी. सगळे प्लग काढावेत आणि प्लगच्या टोप्या किंवा कॉइल इंजिनावर दिलेल्या खुंट्यांना लावाव्यात अथवा त्यांचा वीजजोड सोडवावा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. सी-डूच्या इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण दाबून धरून मग स्टार्ट दाबल्यास पेट्रोल व ठिणगी दोन्ही बंद राहून इंजिन नुसते फिरते; इतर गाड्यांतील सोय पुस्तिकेत पाहावी. प्लगच्या भोकांवर जाड कापड सैलसर टाकावे, तोंड बाजूला ठेवावे आणि दोन-तीन सेकंदच सेल मारावा. होळीच्या पिचकारीसारखे पाणी वर उडते. थांबून पुन्हा दोन-तीन सेकंद, असे भोकांतून नुसता ओला वारा येईपर्यंत करावे.

यानंतर फोर-स्ट्रोक इंजिनाची ऑईलची काडी काढून पाहावी. ऑईल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे झाले असेल तर पाणी खालपर्यंत गेले आहे आणि त्या ऑईलवर इंजिन चालवू नये. काडीच्या नळीतून हातपंपाने सगळे ऑईल ओढून काढावे, फिल्टर बदलावा, नवे ऑईल भरावे, पुढे दिल्याप्रमाणे प्लग बसवून थोडा वेळ चालवून पुन्हा रंग पाहावा आणि तो स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावे. यात ऑईलचा खर्च होतो हे खरे, पण बेअरिंगच्या तुलनेत तो काहीच नाही. काढलेले ऑईल डब्यात भरून परत आणावे. खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांतले पाणी पुण्याच्या नळांना येते, आणि तळातले तेलकट पाणीसुद्धा त्या काठावर ओतण्याचा आपल्याला अधिकार नाही.

प्लग बसवण्याआधी प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल किंवा फॉगिंग ऑईल (आतल्या भागांना गंजापासून वाचवणारे ऑईल) सोडावे, कोरडे किंवा नवे प्लग बसवावेत आणि गाडी पाण्यात उतरवून दहा-पंधरा मिनिटे चालवावी, म्हणजे उरलेला ओलावा उष्णतेने निघून जाईल. हे सगळे त्याच दिवशी व्हायला हवे. गोड्या पाण्यातही पोलादी भागांवर काही तासांत गंजाचा तांबूस पदर दिसू लागतो. खाऱ्या पाण्यात तर रात्रसुद्धा जाऊ देऊ नये.

इंजिन ओरडते, गाडी पळत नाही

थ्रॉटल दिल्यावर आवाज आणि फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा बहुधा इंजिन निर्दोष असते आणि पंपात काहीतरी अडकलेले असते. आपल्याकडे जलपर्णीची मुळे, नायलॉनच्या जाळ्याचे धागे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य यांनी जाळी बंद होते. सुरक्षा दोरी काढून, इंजिन बंद ठेवून गाडी डावी-उजवीकडे जोरात झुलवावी. जाळीवर नुसते चिकटलेले गवत खाली पडते. न पडल्यास काठावर आणून जाळीतून हाताने काढावे, आणि हात घालण्यापूर्वी दोरी आपल्या खिशात आहे याची खात्री करावी. नायलॉनचा धागा इम्पेलरच्या पुढे दांड्यावर आवळून बसतो आणि वितळून घट्ट होतो. तो टोकदार पकडीने आणि चाकूने धीराने कापावा लागतो.

जाळी स्वच्छ असेल तर टॉर्चच्या उजेडात इम्पेलरची पाती आणि त्याभोवतीचे कडे पाहावे. या दोहोंमध्ये जेमतेम कागदाच्या काही पदरांएवढी फट असते. मे महिन्यात धरणाची पातळी उतरल्यावर काठाजवळच्या उथळ, गाळाच्या पाण्यात गाडी सुरू केली की पंप रेती ओढतो आणि कड्यावर चरे पडतात. नख अडकेल एवढा खोल चरा असेल तर कडे बदलावे. गाडीखाली किमान ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय सुरू करू नये. पात्याची किरकोळ खाच बारीक कानशीने सारखी करता येते. वाकलेले पाते मात्र भोसरीतल्या कुशल वेल्डरकडूनही अंदाजाने सरळ करून घेऊ नये, कारण तोल बिघडलेला इम्पेलर दांड्याची बेअरिंगे खातो. कडे, इम्पेलर दोन्ही ठीक असतील तर दांडा जिथे होडीत शिरतो तिथले सील पाहावे. तिथून हवा ओढली जात असेल तर पंपाची पकड सुटते आणि तळात पाणीही साचते.

इंजिन तापते

गाडी एकाएकी मंदावते आणि इशारा वाजत राहतो, तेव्हा गाडीतल्या संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी फेरे मर्यादित केलेले असतात. या अवस्थेत थ्रॉटल दाबत राहू नये. यामाहा आणि कावासाकीच्या गाड्यांत बाहेरचेच पाणी इंजिनात फिरते आणि बाजूच्या बारीक छिद्रातून त्याची धार दिसते. धार बारीक झाली किंवा थांबली तर वाटेत रेती किंवा गवत आहे. सी-डूच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिनासाठी मोटारीसारखे बंदिस्त कूलंट असते, म्हणून तिथे गार झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी. पण धुराचा मार्ग तिच्यातही बाहेरच्याच पाण्याने थंड होतो, हे विसरू नये.

वाट धुऊन काढण्यासाठी बागेच्या नळीचा जोड असतो आणि तिथे क्रम पाळणे अत्यावश्यक आहे. आधी इंजिन सुरू करायचे, लगेच पाणी सोडायचे. संपवताना आधी पाणी बंद करायचे, काही सेकंद हलका थ्रॉटल देऊन आतले पाणी बाहेर फेकायचे आणि मग इंजिन बंद करायचे. इंजिन बंद असताना पाणी सोडले तर ते धुराच्या वाटेने सिलिंडरमध्ये भरते. घरच्या नळाने इंजिन बुडाल्याचे प्रकार याच उलट क्रमाने होतात. पाण्याशिवाय पंधरा सेकंदांहून अधिक चालवू नये. दिवेआगर किंवा हरिहरेश्वरहून परतणारे बरेच मालक रविवारी रात्री ताम्हिणी घाट चढून घरी येतात आणि गाडी पुढच्या शनिवारी धुतात. तोपर्यंत मीठ वाटेत सुकून दगडासारखे बसलेले असते. खाली कोकणातच, जिथे उतरलो तिथल्या नळावर पुस्तिकेत दिला आहे तेवढा वेळ गोडे पाणी फिरवून मगच घाट चढावा.

कॉम्प्रेशन मोजताना

सगळे तपासूनही जोर कमी वाटत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते, मोजावे. सगळे प्लग काढून, ठिणगी बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्यावा. निरोगी टू-स्ट्रोक इंजिनात तो साधारणपणे १२० ते १५० पीएसआय (दाबाचे एकक) असतो. फोर-स्ट्रोकसाठी पुस्तिकेतला आकडा पाहावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे अलिबागला मोजलेल्या आकड्यापेक्षा पानशेतला तो थोडा कमी येणार आणि सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेली गाडी थोडी कमी पळणार. तो दोष नव्हे. पाहायचा तो सिलिंडरांमधला फरक. एकाचा आकडा इतरांपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट. इथून पुढचे काम इंजिन उघडण्याचे आहे आणि ते जाणकाराकडे द्यावे.

पावसाळ्यात उभी करताना आणि दसऱ्याला काढताना

थंड देशांतील पुस्तिका हिवाळ्यातील साठवणीबद्दल सांगतात. आपल्या गाड्यांचा विसावा जून ते सप्टेंबर असतो आणि इथले शत्रू बर्फाऐवजी ओलावा, उंदीर आणि कुंभारीण हे आहेत. शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलमध्ये ते खराब होऊ न देणारा स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटे चालवावे, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑईल सोडावे, बॅटरी काढून घरात ठेवावी व महिन्यातून एकदा चार्ज करावी. मागची बुचे काढून गाडीचे नाक थोडे वर ठेवावे. धुराच्या व हवेच्या तोंडांवर बारीक जाळी बांधावी आणि तिथे ठळक रंगाची चिंधी लावावी, म्हणजे ती काढायची राहणार नाही.

खंडेनवमी-दसऱ्याला बहुतेक जण गाडीची पूजा करून लगेच बटण दाबतात. त्याआधी चिंधी व जाळी काढावी, पेट्रोलचे झाकण उघडून हवेची नळी मोकळी असल्याचे पाहावे, वायरींवर उंदराचे दात नाहीत ना हे टॉर्चने पाहावे, प्लग काढून दोन सेकंद सेल मारून सिलिंडर कोरडे असल्याची खात्री करावी आणि बुचे घट्ट लावावीत. झेंडूचा हार पाण्यात उतरण्यापूर्वी काढून ठेवावा, कारण तो पहिल्याच फेरीत जाळीत जाऊन बसतो. पाण्यात उतरवल्यावर दोरीने काठाला बांधलेल्या अवस्थेतच दोन मिनिटे मंद चालवावी, बाजूची धार पाहावी, इंजिन बंद करून सीट उघडावी आणि तळाला हात लावून तो कोरडा आहे का ते पाहून मगच दोर सोडावा.